परतीच्या आधीचे दोन दिवस

जपानची सहल संपत आली की वहीत "जपानी माणूस म्हणजे शिस्त!" असं लिहायची हमखास सुरसुरी येते. लिहिलंस तरी खोडून टाक. मीही पहिल्या खेपेला तेच लिहिलं होतं, आता वाचताना लाज वाटते.

त्याऐवजी पाहिलेलं लिही. तोक्योत रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे सापडत नाहीत. १९९५ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेच डबे हलवले गेले. मी केळ्याची साल दिवसभर पिशवीत घेऊन हिंडलो आणि रात्री हॉटेलात टाकली. स्वच्छतेचं कौतुक करताना हेही लिहायला हवं ना? तसंच गाडीतल्या शांततेचं. ज्या डब्यात कुणी फोनवर बोलत नाही, त्याच डब्यातून उतरलेली मंडळी इझाकायात, म्हणजे तिथल्या दारूच्या खाणावळीत, काय कालवा करतात, ते एकदा बसून ऐक.

आणि शेवटच्या सकाळी आणखी एक देऊळ गाठायची धावपळ नको. रोजच्या कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जा, ओनिगिरी (सारण भरलेला भाताचा गोळा) घे. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात, त्या क्रमाने सोललं तर नोरी, म्हणजे भाताभोवतीचा समुद्री शेवाळाचा पापुद्रा, कुरकुरीत राहते. पहिल्या दिवशी मी ते दातांनी फाडलं होतं. शाकाहारी असशील तर उमेबोशीचा (खारवलेल्या उमे फळाचा) बघ, पण घटक वाचून घे. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा खारट-आंबट लागतो. तो खात खातच वही उघड.