पुल-अप्स वाढवायचे, तर बाकीचा व्यायाम कुठे बसवायचा?

प्रश्न : सर, मी महूचा, वय 19. अग्निवीर भरतीची तयारी चालू आहे. रोज पहाटे 5 किलोमीटर पळतो आणि लगेच बीमवर (आडव्या बारवर) जाऊन दमेपर्यंत पुल-अप्स मारतो. पण आकडा 5 च्या पुढे सरकतच नाही. पळणं कमी करू का?

उत्तर : अजिबात नको. 1.6 किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांत आली तर 60 गुण आहेत. 10 बीमला, म्हणजे पुल-अप्सना, 40 मिळतात, पण 6 बीमला फक्त 16. या चार बीमपायी जीव तोडून पळणारी पोरं मागे पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझं अडतंय ते ‘रोज दमेपर्यंत’पाशी. पाय झाडत, हनुवटी कशीबशी बारला लावत काढलेले शेवटचे पुल-अप्स ताकद वाढवत नाहीत, वाईट सवय मात्र लावतात. शिवाय पाठीला सावरायला एकही दिवस मिळत नाही. बीम संध्याकाळी घे, आठवड्यातून चारच दिवस. 5 निघतात ना, मग 3-3 चे सहा सेट मार, मध्ये दोन-दोन मिनिटं थांब. प्रत्येक वेळी खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे. दोन आठवड्यांनी यातले दोन सेट 4 चे कर, मग हळूहळू बाकीचे. चारपैकी दोन दिवस शेवटी तीन निगेटिव्ह घे : स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यायचं. याने पाठ चांगलीच दुखते, म्हणून रोज नको.

आणि भरतीच्या मैदानावर आधी धाव असते, मग बीम. तेव्हा या चारपैकी एक दिवस मुद्दाम तसाच ठेव. 1.6 किलोमीटर जोरात पळ आणि श्वास जरा बसला की बारला लटक. त्या दिवशी एक-दोन कमी निघतील, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

प्रश्न : मी आर्मस्ट्राँग पद्धतीने आठवड्यातले पाच दिवस पुल-अप्स करतो. जिममध्ये पाठीचा आणि बायसेप्सचा दिवसही चालूच आहे. महिन्याभरात कोपराची आतली बाजू दुखायला लागली. (विजयनगर, इंदूर)

उत्तर : आर्मस्ट्राँग हे अमेरिकेच्या मरीन दलातले मेजर. त्यांच्या पद्धतीत सकाळी पुश-अप्स आणि आठवड्याचे पाच दिवस, वेगवेगळ्या प्रकारे, पुल-अप्स असतात. ओढण्याचं आठवड्याभराचं काम त्यातच पुरं होतं. त्यावर तुम्ही लॅट पुलडाउन, रोइंग आणि कर्ल्स हे ओढण्याचेच व्यायाम चढवलेत. पाठ, बायसेप्स आणि पंजा दोन वेळापत्रकांत राबतायत. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र फार सावकाश, आणि दुखणं तिथेच सुरू होतं.

आधी दोन आठवडे पुल-अप्स आणि कर्ल्स दोन्ही बंद ठेवा. पायांचा आणि छातीचा दिवस नेहमीसारखा करा, फक्त डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) नको, कारण तिथेही सगळा ताण पकडीवर येतो. दुखणं थांबलं की पुल-अप्स तीन दिवसांवर आणा आणि पाठीच्या दिवशी फक्त हलकं रोइंग ठेवा. तळवे आपल्याकडे करून चिन-अप्स करत असाल तर काही काळ ती पकड सोडा. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. घरच्या घरी बाम चोळत बसू नका.

प्रश्न : वय 42. रोज 12 सूर्यनमस्कार घालते आणि चालायला जाते. पण पुल-अप एकही निघत नाही. या वयात जमेल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : जमेल, ताई. सूर्यनमस्कारात हात जमिनीला ढकलतात, ओढण्याचं काम जवळजवळ नसतंच. म्हणून तुमची पाठ या कामाला नवखी आहे, वयाचा दोष नाही. नमस्कार सोडू नका. ते झाले की अंग मोकळं झालेलं असतं, तेव्हाच बारकडे वळा. सुरुवातीला 20 सेकंद नुसतं लटका, खांदे कानांपासून खाली खेचून. मग बागेतल्या कमरेइतक्या उंचीच्या दांड्याखाली तिरपं होऊन, टाचा जमिनीवर ठेवून, छाती दांड्याकडे ओढा : आठ-आठचे तीन सेट, एक दिवसाआड. हे सोपं वाटू लागलं की वर त्या मुलाला सांगितलेले निगेटिव्ह सुरू करा. पहिला पुल-अप यायला काही महिने लागतात, धीर सोडू नका. मात्र हात डोक्यावर नेताना खांदा अडत असेल, तर आधी तो दाखवून घ्या.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची आहे, आठवड्यातून पाच दिवस दोरीचा मल्लखांब करते. घरी पुल-अप बार लावून देऊ का?

उत्तर : बार लावा, पण वेगळं वेळापत्रक नको. दोरीवर चढताना ती रोज ओढण्याचंच काम करते. हौस असेल तर आठवड्यातून दोनदा, वर्गाला जाण्याआधी, दोन छोटे सेट पुरेत. तिला काही कमी पडत असेल तर ते जोर, म्हणजे पुश-अप्स. मल्लखांब 2013 पासून आपल्या मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. पोरीचं मन त्यात रमलंय तर ताकद तिथेच लागू द्या.

प्रश्न : तळहाताचे घट्टे सोलले जातात. हातमोजे घालू का?

उत्तर : नको, त्याने पकड सैल होते. बार तळव्याच्या मध्यभागी न धरता बोटांच्या मुळाशी धरा. अंघोळीनंतर घट्टे वजरीने हलकेच घासा. कातडी सोललीच, तर ती भरेपर्यंत बार बंद. पळणं आणि बैठका चालू ठेवा.