वार खाली आहे म्हणाले? आधी हे वाच

अगं, पाचव्या महिन्याच्या स्कॅनिंगमध्ये वार (प्लॅसेंटा, बाळाला पोसणारा भाग) खाली दिसणं नवीन नाही. वार स्वतः सरकत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढतो, ताणतो, आणि वार गर्भाशयाच्या तोंडापासून लांब जाते. बहुतेकींचं असंच होतं. तोंड पूर्ण झाकलं असेल किंवा आधीचं सिझर असेल, तर मात्र शक्यता कमी. म्हणून ३२ आठवड्यांना पुन्हा स्कॅनिंग कर. आतून, म्हणजे योनीमार्गातून, करतात ते जास्त अचूक, आणि वार खाली असली तरी सुरक्षित, घाबरू नकोस. वार आणि तोंड यांतलं अंतर २० मिलिमीटरपेक्षा कमीच राहिलं, तर ३६च्या सुमारास परत बघतात.

सासूबाई अंथरुणावर झोपवून ठेवतील, पण त्याने वार वर जात नाही. संबंधांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचार, लाजू नकोस.

रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, लगेच निघायचं. तू खानापूरच्या आतल्या गावात, पावसाळ्यात रस्त्यांचं काय होतं माहीत आहे तुला. १०८ला फोन कर, बेळगावात रक्त आणि सिझरची सोय असलेलं हॉस्पिटल आत्ताच ठरवून ठेव. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही पहिल्यांदा सांग. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.