लॉगआउट केलं, तरी आतच!

प्रश्न: आमच्या वेब अ‍ॅपमध्ये ‘लॉगआउट’ दाबलं की लॉगिनचं पान येतं. पण डॅशबोर्डचा पत्ता टाकला की पुन्हा आत! कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण) पुसायची ओळ कोडमध्ये आहे. चुकतंय कुठे?

उत्तर: कुकी बहुधा पुसलीच जात नाही. ब्राउझर कुकी ओळखतो ती नाव, डोमेन (साइटचं नाव) आणि पाथ (साइटच्या कोणत्या भागाला ती लागू) या तिन्हींवरून. लॉगिनच्या वेळी पाथ ‘/’ होता आणि पुसताना तो दिलाच नाही, तर ‘/खाते/लॉगआउट’ या पत्त्यावरून ब्राउझर ‘/खाते’ हा पाथ धरतो. मूळ कुकी जागच्या जागी, आणि एररही नाही. म्हणूनच तासन्‌तास जातात. डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिन आणि लॉगआउट या दोन्हींचे ‘सेट-कुकी’ हेडर (सर्व्हर ब्राउझरला कुकी ठेवायला किंवा पुसायला सांगतो त्या ओळी) शेजारी ठेवून बघा. तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळवा आणि लॉगआउटच्या हेडरमध्ये मॅक्स-एज (कुकीचं आयुष्य) ० द्या.

तेवढ्याने भागत नाही. सर्व्हरवरचं सेशनही (त्या लॉगिनची नोंद) रद्द करा, नाहीतर कोणी आधी उचललेली कुकी चालतच राहते.

‘बॅक’ दाबल्यावर जुनं पान दिसतं, ते मात्र कॅशचं, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतीचं काम. लॉगिनमागच्या पानांना ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ (साठवू नको) हे हेडर लावा. आणि लॉगआउट साध्या दुव्यावर नको, पोस्ट विनंतीवर (फॉर्म पाठवतात तशी) ठेवा. नाहीतर दुवे आधीच उघडून ठेवणारं ब्राउझरचं एखादं एक्स्टेन्शन वापरकर्त्याला नकळत बाहेर काढतं.