डोंगरावरून उतरणारा रंग

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा जपानचा बेत काल रात्री नीट वाचला. आठ दिवसांत सात गावं. रोज सकाळी बॅग भरायची, गाडी गाठायची, दुपारी नवं गाव. मी सांगते ते तुला आवडणार नाही, पण यातली बहुतेक गावं काढून टाक. दोन रात्री कोयासानच्या डोंगरावर राहा आणि उरलेले दिवस क्योतोत. नारा तेवढं ठेव, क्योतोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं.

मी पहिल्यांदा गेले ती साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी, आणि बेत असाच ठासून भरलेला. क्योतोला पोचेपर्यंत एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला आणि आदल्याच दिवशी पाऊस होऊन गेलेला. कालव्याकाठची झाडं रिकामी. तिथेच उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या दुकानापुढे एक आजी झाडत होत्या. त्यांनी खराटा थांबवला, पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘हानाइकादा’. फुलांचा तराफा. गळलेल्या पाकळ्यांची गुलाबी साय पाण्यावर धरली होती आणि हळूहळू पुढे सरकत होती. इतकी वर्षं जपानी शिकवूनही हा शब्द मला ठाऊक नव्हता. फुलं गळून कोवळी पालवी फुटलेल्या साकुरालासुद्धा वेगळं नाव आहे, हाझाकुरा. मी ज्याला ‘संपलं’ म्हणून रडत होते, त्याची त्या भाषेत दोन नावं होती.

म्हणून जाण्याआधी ऋतूचे शब्द शिकून घे. त्यांच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ भाग आहेत, एकेक साधारण पाच दिवसांचा. मूळ चिनी, पुढे जपानच्या हवेला जुळवून घेतलेलं. आपला शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त असा नक्षत्रांनी पाऊस मोजतो ना, त्याच जातीचं ते मोजमाप, फक्त जास्त बारीक. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या पाच दिवसांचं नाव ‘मेपल आणि वेली पिवळ्या पडतात’.

तू नोव्हेंबर निवडलास ते उत्तम केलंस. साकुराचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. मोमिजी, म्हणजे मेपलची लाली, त्याहून सवडीने येते. साकुरा दक्षिणेकडून उत्तरेला फुलत जातो आणि मोमिजी उलट, उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगरावरून सपाटीला उतरते. कोयासान समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या वर आहे. तिथला रंग ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरात असतो, क्योतोत तो महिन्याच्या उत्तरार्धात येतो. आधी डोंगर आणि मग शहर असं जा, म्हणजे उतरणाऱ्या रंगाच्या पुढेमागे तूही उतरशील.

ओसाकाच्या नांबा स्थानकातून गाडीने गोकुराकुबाशीला जायचं, तिथून केबलकार थेट वर नेते. कुकाई नावाच्या भिक्षूला ८१६ मध्ये हा डोंगर मठासाठी मिळाला. आज तिथे शंभरावर मंदिरं आहेत आणि त्यांतल्या सुमारे ५० ठिकाणी पाहुण्यांना राहता येतं. जेवण संध्याकाळी लवकर आणि पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. एरवी जपानभर साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे तुझ्यासारखीला हे ताट म्हणजे माहेर. कोयादोफु, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, चाव, रस्सा तोंडभर सुटतो.

ओकुनोइनला, म्हणजे तिथल्या जुन्या समाधिस्थळाला, दोनदा जा, एकदा पहाटे आणि एकदा अंधार पडल्यावर. सुमारे दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना सुगी नावाचे उंचच उंच वृक्ष आणि त्यांच्या बुंध्यांशी दोन लाखांहून अधिक समाध्या. वाटेच्या टोकाला कुकाई आहेत. ते गेले असं तिथे कोणी म्हणत नाही, ध्यानस्थ आहेत म्हणतात, आणि आजही दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेलं जातं. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचा नाही. फोन पिशवीत ठेव.

वाटेवर एका तरी शेवाळलेल्या दगडी समाधीपाशी खाली बस. पाच दगड एकावर एक रचलेले दिसतील. तळाशी चौकोन, त्यावर गोल, मग उतरतं छप्पर, अर्धगोल आणि टोकाला मण्यासारखा दगड. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. अनेक समाध्यांवर एकेका दगडावर एकेक अक्षर कोरलेलं असतं: खालून वर अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची नातलग. कुकाईंनी चीनमध्ये एका भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले होते. मी पहिल्यांदा तो ‘र’ ओळखला तेव्हा दगडावरून बोट फिरवत किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही. पुढे ‘अजिकान’ नावाच्या ध्यानाला बसले. समोर पांढऱ्या चंद्रबिंबात, कमळावर, एकच अक्षर: अ. पाटीवर गिरवलेलं पहिलं अक्षर इतक्या लांब माझ्यासाठी थांबलं होतं, असं वाटलं. हे ध्यान ठरावीक दिवशीच असतं, आधी चौकशी कर.

क्योतोत चहाचा सोहळा एकदाच कर, पण घाई नसलेल्या जागी. आधी येणारी मिठाई त्या आठवड्याच्या ऋतूची असते, तिचं नाव विचार. यजमानाला तोच प्रश्न सर्वांत आवडतो. वाडगा हातात आला की पिण्याआधी थोडा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. युकाताची, म्हणजे साध्या सुती किमोनोची, डावी बाजू उजवीवर येऊ दे, उलटं फक्त मृताला नेसवतात. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामायिक कुंडात, उतरण्याआधी बसून स्वच्छ अंग धुवायचं, केस बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. लाज पहिली पाच मिनिटं वाटते. चटईवर सपाता नकोत. जाड मोजे घे, पहाटेच्या प्रार्थनेला मंदिराची लाकडी जमीन बर्फासारखी लागते.

नोव्हेंबरात डोंगरावरच्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा मंदिराला याच आठवड्यात लिही. पत्र जपानीतच लिही आणि पहिलं वाक्य ऋतूबद्दल असू दे, त्यांच्या पत्रांची तीच रीत आहे. पाठवण्याआधी मसुदा मला दाखव.

तुझी बाई