मोर्चा व्हायरल झाला, पण पदरात काय पडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : हिंगोली जिल्ह्यातल्या तुमच्या गावची कॉलेजच्या वेळेची एसटी बंद झाली, मुली रस्त्यावर बसल्या, त्याचा व्हिडिओ तुफान चालला, आठवडाभर गाडी आली आणि पुन्हा बंद झाली. मग सोशल मीडियाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या आंदोलनाला टिकाऊ यश मिळतं का?

मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. दाखले, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे माझं रोजचं काम. मोर्चात घोषणा दिलेली माणसं पुढे कागद घेऊन माझ्याच टेबलाशी येतात, त्यामुळे आंदोलनाचा शेवटचा टप्पा मी फार जवळून बघतो.

माझं मत असं आहे. फोनमुळे माणसं लवकर जमतात, सरकार लवकर हलतं, बातमी दाबता येत नाही. पूर्वी माणसं जमवायलाच वर्षं जायची आणि त्या वर्षांत संघटना बांधली जायची : कोण शब्दाचा पक्का, कोण हिशेब नीट ठेवतो, कोण पोलिसांपुढे डगमगत नाही, हे सगळं कळायचं. आता त्या बांधणीशिवायही गर्दी जमते, म्हणून ती बांधणी राहून जाते. आणि मिळालेलं यश टिकवायला नेमकी तीच लागते.

मराठवाड्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नामांतराचा लढा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि लगेच गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अंमलबजावणी थांबली. पुढच्या वर्षी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नंतर सत्याग्रह, अटका, तुरुंग. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षं. या काळात फोन तर सोडाच, कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. निरोप जायचा तो जलशातून, भीमगीतांतून, पायी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांकडून. जे घडलं ते इतकं क्रूर होतं की 'तो काळ बरा होता' असं मी कधीच म्हणणार नाही. तेव्हा त्या जळत्या वस्त्यांचे व्हिडिओ निघाले असते तर कदाचित काही जीव वाचले असते, असं मला मनापासून वाटतं. पण एक गोष्ट खरी : १९९४ साली नाव लागलं तेव्हा ते राखणारी माणसं प्रत्येक तालुक्यात होती. आजही १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर गर्दी होते. तिच्यात १९७८ नंतर जन्मलेलेच जास्त असतात आणि त्यांना तिथे आणायला कुणाला रील काढावं लागत नाही.

आता २०१६ कडे या. कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. पुढे तो जिल्ह्याजिल्ह्यात गेला. लोक म्हणतात, हे व्हॉट्सअ‍ॅपनं केलं. अर्धंच खरं आहे. आचारसंहितेचा मेसेज प्रत्येक फोनवर आला होता : घोषणा नाहीत, पुढे मुली, मग महिला, पुढारी सगळ्यात मागे, निवेदन मुलीच देणार, आणि मागे राहिलेला कचरा स्वयंसेवक उचलणार. पण तो मेसेज पाळला गेला, कारण त्याआधी तालुक्याला, सर्कलला, गावात बैठका झाल्या होत्या. गाड्या कुणाच्या, पाणी कोण देणार, पार्किंग कुठे, हे मंगल कार्यालयात समोरासमोर बसून ठरलं होतं. फोनवरून आलेल्या निरोपाला तोंडओळखीचं वजन होतं.

त्या मोर्चाला नेता नव्हता आणि ही त्याची ताकदच होती. अडचण पुढे आली. चर्चेला बोलवायचं कुणाला? शब्द कुणी द्यायचा, कुणी पाळायचा? समन्वयक अनेक होते आणि प्रत्येकाच्या मागे आपापला ग्रुप. मुंबईच्या ९ ऑगस्ट २०१७ च्या मोर्चानंतर मतभेद उघड झाले. पुढच्या वर्षी मूक मोर्चाची जागा आक्रमक अशा ठोक मोर्चानं घेतली. २३ जुलै २०१८ ला कायगाव टोका इथे काकासाहेब शिंदे या तरुणाने गोदावरीत उडी घेतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये १६ टक्के मराठा आरक्षणाचा कायदा झाला, २०१९ ला उच्च न्यायालयात तो कमी टक्क्यांनी टिकला आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायालयात टिकेल असा पुरावा उभा करायचं काम रस्त्यावरची गर्दी करू शकत नाही, कितीही मोठी असली तरी.

मग जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. २९ ऑगस्ट २०२३ ला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं तेव्हा अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. १ सप्टेंबरला लाठीमार झाला, त्याचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत राज्यभर गेले. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर माफी मागितली. मराठ्यांना ओबीसीतल्या कुणबी जातीचा दाखला मिळावा म्हणून निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समितीला काम मिळालं. हे श्रेय फोनला द्यायलाच हवं. आधीच्या काळात जालन्याच्या एका खेड्यातला लाठीमार दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन कॉलमात संपला असता.

पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटी बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली आणि बीडमध्ये, मग जालन्यातही इंटरनेट बंद झालं. गावोगावच्या मंडपांतली साखळी उपोषणं मात्र चालूच राहिली. आज कुणाची पाळी, उद्या कुणाची, हे फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. आंदोलनाचा कोणता भाग फोनवर उभा आहे आणि कोणता गावावर, हे त्या दिवसांत लख्ख दिसलं.

माझ्या टेबलावरचं सांगतो. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटबद्दलचा, म्हणजे निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय आला, त्यानंतर एक तरुण आला. मुंबईत आझाद मैदानातल्या जरांगेंच्या आंदोलनाला जाऊन आलेला, फोनमध्ये तिथले सगळे व्हिडिओ. म्हणाला, "दादा, कुणबीचा दाखला काढायचाय." मी पणजोबाचं नाव विचारलं. माहीत नव्हतं. जुना सर्व्हे नंबर? नाही. भावकीत कुणाचा दाखला निघालाय? विचारून सांगतो म्हणाला, तो परत आला नाही. त्याच महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या एका लहान गावची पाच-सहा माणसं एकत्र आली. त्यांच्या साखळी उपोषणाच्या मंडपात एक निवृत्त तलाठी रोज येऊन बसायचे. त्यांनी पोरांना कामाला लावलं होतं. प्रत्येक भावकीची वंशावळ मोठ्या कागदावर काढलेली, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे जोडलेले, खासरा पत्रकाच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींच्या नकला घेतलेल्या, मोडीतली एक नोंद वाचून घेऊन खाली देवनागरीत उतरवलेली. शासन निर्णयात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचं शपथपत्र म्हटलंय, तर त्यासाठी कुणाकडे काय पुरावा आहे याची वेगळी यादी. त्या गावाचा व्हिडिओ कधीच कुठे चालला नसेल. पण दाखला देताना गावपातळीवरची समिती चौकशीला आली की त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

दाखल्यानंतर जात पडताळणी असते. शासन निर्णयालाही न्यायालयात आव्हान मिळतं, ते याही वेळी मिळालं. म्हणजे काम वर्षानुवर्षांचं आहे, आणि त्या वर्षांत रील बनवण्यासारखं काहीच घडत नाही. म्हणूनच ते काम मागे पडतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण पाण्याचं. आम्ही जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचे, त्यातही टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे. पाण्याची पाळी इथवर पोचली तर पोचली. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली हक्काचं पाणी सुटावं यासाठीची लढाई काही मोजक्या माणसांनी लढवली. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा वाचून, धरणांचे साठे टक्केवारीसह मांडून, सुनावणीमागून सुनावणी करत. २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश आला, २०१६ ला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २०२३ च्या टंचाईत नोव्हेंबरमध्ये वरून पाणी सोडावंच लागलं. हे पाणी कुणाच्या स्टेटसवर नव्हतं. मला या माणसांबद्दल जेवढा आदर वाटतो तेवढा क्वचितच कुणाबद्दल वाटतो, आणि आमच्या भागातल्या पोरांना त्यांची नावंही माहीत नसतात याचं वाईट वाटतं.

बाहेरही हेच दिसतं. इजिप्तमध्ये २५ जानेवारी २०११ ला फेसबुकवरच्या हाकेला लोक धावले, सरकारने इंटरनेट तोडलं तरी गर्दी वाढली, आणि ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेली. पण पुढे राज्य चालवायला तयार असलेल्या दोनच संघटना होत्या, एक मुस्लिम ब्रदरहूड आणि दुसरं लष्कर. २०१३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. हार्वर्डमधल्या एरिका चेनोवेथ यांनी शंभराहून अधिक वर्षांच्या, सत्ता उलथवण्यासाठीच्या आंदोलनांचा अभ्यास केलाय. १९९० च्या दशकात अहिंसक आंदोलनांपैकी साधारण ६५ टक्के यशस्वी व्हायची, २०१० नंतर हे प्रमाण ३४ टक्क्यांच्याही खाली आलं. चेनोवेथ सगळा दोष फोनला देत नाहीत. सरकारंही हुशार झालीत. पण ऑनलाइन जमवाजमवीवर जास्त भिस्त हे एक कारण त्या सांगतात.

दिल्लीच्या सीमेवरचं शेतकरी आंदोलन मात्र टिकलं. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१, आणि केंद्राला तिन्ही कृषी कायदे मागे घ्यायला लावले. त्यांचीही सोशल मीडियाची फळी जबरदस्त होती, शिवाय 'ट्रॉली टाइम्स' नावाचं छापील पत्र निघायचं. पण पाया पंजाबातल्या युनियनचा. गावाने ठरवायचं, या आठवड्यात कुणाची ट्रॉली जाणार, आणि जो जाईल त्याच्या शेतातलं काम मागे राहिलेल्यांनी करायचं. २६ जानेवारी २०२१ ला लाल किल्ल्यावर झालेल्या गोंधळानंतर आंदोलन मोडतंय असं वाटत होतं. ते मोडलं नाही, कारण परत जाऊन सांगायला प्रत्येक गावात कुणीतरी होतं.

फोनचं आणखी एक नुकसान मला सगळ्यात जास्त लागतं. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीला, मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण नको म्हणून ओबीसींचं उपोषण सुरू झालं. ते अंतरवालीपासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही मंडपांतल्या माणसांच्या शेतांचे बांध एकमेकांना लागून आहेत, पेरणीला बैलजोडी एकमेकांची वापरलेली. पण दोघांच्या फोनवर दिसणारं जग वेगळं. एकाला फक्त दुसऱ्याच्या शिव्या दिसतात, दुसऱ्याला पहिल्याच्या. रागाची पोस्ट जास्त चालते, समजुतीची चालत नाही. माझ्याच गिऱ्हाइकांत आता एकाच्या हॉटेलात दुसरा चहा घेत नाही. आरक्षण कुणालाही मिळो, उद्या ते राखायला शेजाऱ्याची साथ लागणार आहे, आणि तीच रोज तुटतेय.

आता तुमच्या एसटीचं. तुमची मागणी छोटी आहे असं समजू नका, एका फेरीवर किती मुलींचं शिक्षण अवलंबून असतं हे मी बघतो. आगारवाले बहुधा भारमान, म्हणजे गाडीतली प्रवासीसंख्या, कमी असल्याचं सांगतील. त्यासाठी आधी यादी करा : कोणत्या गावातून किती मुली, किती जणींकडे पास, कॉलेज किती वाजता भरतं. प्राचार्यांचं वेळापत्रकासह पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. बारावीपर्यंतच्या मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बस असतात, तुमच्या मार्गावर ती लागू होते का ते विचारा. निवेदन आगार व्यवस्थापकाला द्या, प्रत परभणीच्या विभाग नियंत्रकांना, आणि दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन कार्यालयाच्या लेखी आलेलंच नसतं.

आंदोलनाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तो मोडू नका, त्याचं काम बदला. रोज एका मुलीने तिथे एवढंच टाकायचं : तारीख, गाडी आली की नाही, किती वाजता. महिनाभराची ही नोंद हातात असली की माहितीच्या अधिकारात रद्द फेऱ्यांची माहिती मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. व्हिडिओ पुन्हा टाकायची वेळ तेव्हा. आणि ग्रुपच्या ॲडमिन यंदा बारावीला असतील तर परीक्षेनंतर त्या गाव सोडतील, म्हणून आत्ताच अकरावीतल्या दोघीतिघींना सोबत घेऊन आगारात जा. साहेबांशी बोलू त्यांना द्या, आणि पोच असलेली फाइल त्यांच्यापैकी एकीच्या घरी ठेवा.