मालवण ते निवती, एका मुक्कामात: आधी तिथी बघा, मग खोली

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुंबईहून चौघं येणार, तुम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या आई. दोन दिवस, एक रात्र. किनाऱ्याने चालायचंय, होडीत बसायचंय, रात्री साध्या लॉजवर राहायचंय. मालवण ठरलंय, बाकी काही नाही. आणि 'कुठलं लॉज चांगलं' हे सगळ्यात आधी विचारलंय.

ते सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी तारीख ठरवा, आणि ती शनिवार-रविवार बघून नाही, कालनिर्णयातली तिथी बघून. शनिवार-रविवार त्यात बसले तर उत्तम.

कारण सांगतो. मालवणच्या दांडी किनाऱ्यापासून दक्षिणेला देवबाग गावापर्यंत सलग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा आहे, दहा किलोमीटरच्या आसपास. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि माणूस रस्त्यावर चालावा तसा चालतो. भरतीला ही पट्टी पाण्याखाली जाते आणि उरते ती वरची भुसभुशीत वाळू. त्या वाळूत एक किलोमीटर गेलात की आई म्हणतील, रिक्षा बघ. देवबागेत तर किनारा इतका धुपलाय की ठिकठिकाणी दगडांचे बंधारे घातलेत, आणि भरतीला लाटा थेट त्या दगडांवर येतात. तिथे चालायला जागाच उरत नाही.

भरतीचा जुना हिशोब कोकणात अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नंतर मालवणचं भरतीचं वेळापत्रक बघून खात्री करा. मुंबईचं बघू नका, मालवणला भरती मुंबईच्या आधी येते.

आता हे तुमच्या बेताला लावा. दुपारी अडीच-तीनला चालायला सुरुवात करून दिवस मावळायच्या आत देवबागेत पोचायचं, म्हणजे ओहोटी तीन ते साडेचारच्या दरम्यान हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागेच्या टोकाला कर्ली नदीचं मुख होडीने ओलांडून पलीकडे भोगवे-निवतीला जायचं, तेव्हा पाणी चढतं हवं. दोन्ही गोष्टी जुळतात त्या द्वादशी-त्रयोदशीला. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी नेमकी भरती असते, चालण्याचं वाटोळं होतं. पुनव-अवस चालायला छान, कारण पाणी खूप आत जातं. पण ते उधाणाचे दिवस, खाडीच्या तोंडावर ओढ जास्त. आई आणि मुलगा बरोबर असताना मी तरी ते दिवस घेणार नाही. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा.

दिशाही महत्त्वाची. उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला, मालवणहून देवबागेकडे. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दर्या शांत. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला चालत असाल तर तो पाठीवर येतो, उलटे आलात तर सगळी वाळू तोंडावर.

पहिला दिवस. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पकडली की सकाळी कुडाळ. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहेत. मालवणात उतरलात की सगळं सामान एका रिक्षात घालून देवबागेच्या लॉजवर पाठवून द्या. लॉजवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर तोच ओळखीचा रिक्षावाला धाडतो. ही एक गोष्ट केलीत तर अर्धा प्रवास सोपा झाला. पाठीवर फक्त पाणी, टोपी आणि मुलाचा खाऊ.

सकाळी सिंधुदुर्ग करून घ्या. धक्क्यावरून होड्या सुटतात, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, कुरटे बेटावर. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड. मुलाला त्या नक्की दाखवा. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही बघा. होडीवाले परतीची वेळ बांधून देतात आणि ती साधारण तासाभराची असते. तेवढ्यात गाईड, विहिरी, तटावरची फेरी सगळं होत नाही. तट घ्या, सेल्फी सोडा.

जेवण मालवणातच. चालायचंय हे लक्षात ठेवून जेवा. कोंबडी-वडे रात्रीसाठी ठेवा, दुपारी माशाचं ताट आणि सोलकढी पुरे.

दांडीवर आलात की आधी मोरयाचा धोंडा बघा. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग, पादुका कोरलेल्या आहेत. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा इथे झाली असं मानतात. किल्ल्याला जाणारे शेकडो लोक दिसतात, इथे मात्र बऱ्याचदा तुम्ही एकटेच असता. समोर पद्मगड हा छोटा किल्ला दिसेल. ओहोटीला तिथपर्यंत वाळूतून जाता येतं आणि तुमच्या मुलाला ते बघताच जावंसं वाटणार. जायचं असेल तर पाणी उतरत असतानाच जाऊन या, चढायला लागल्यावर नाही. तुम्हाला पुढे दहा किलोमीटर चालायचंय, मी असतो तर लांबूनच बघितला असता.

तिथून वायरी, मग तारकर्ली. डावीकडे सुरूची झाडं, उजवीकडे समुद्र, वाट चुकायचा प्रश्नच नाही. आईंनी हा टप्पा चालायलाच हवा असं नाही. त्यांना रिक्षाने तारकर्लीला एमटीडीसीच्या रिसॉर्टपाशी येऊ दे, चहा घेऊ दे, आणि तिथून पुढचे तीन-चार किलोमीटर तुमच्याबरोबर चालू दे. उन्हं कलल्यावरचा हा टप्पा सगळ्यात सुंदर आहे, आणि तो चुकवू नये म्हणूनच आधीचं चालणं वाचवायचं. तारकर्लीला स्कूबा-पॅरासेलिंगवाले मागे लागतील. हसून पुढे व्हायचं.

वाटेत रापण ओढणारे दिसले तर थांबा. दोन रांगा, दोन दोर, आणि अर्धवर्तुळात टाकलेलं जाळं हळूहळू किनाऱ्याकडे येतं. मुलाला दोर धरायला मिळेल, विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. फक्त दोर ओलांडू नका आणि जाळं वर आल्यावर लोकांच्या पायात घुसून फोटो काढू नका. ते त्यांचं दिवसाचं पोट आहे.

मुक्काम देवबागेतच करा, मालवणात नको. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली. काही ठिकाणी तर पुढच्या दारी लाटा आणि मागच्या दारी नदी. लॉज म्हणाल तर बहुतेक घरगुती, खाली मालकांचं घर आणि वर चार-पाच खोल्या. फोनवर एसी आहे का, टीव्ही आहे का हे सगळेच विचारतात. तुम्ही एवढंच विचारा: खोली नदीच्या बाजूची आहे की समुद्राच्या? (आईंना झोप हलकी असेल तर नदीची घ्या, भरतीला लाटा रात्रभर बंधाऱ्यावर आपटतात.) जेवण घरचं आहे की बाहेरून? आणि सकाळी भोगव्याला सोडायला होडी कोणाची?

हा तिसरा प्रश्न खरा. 'होडीचं बघू सकाळी' असं उत्तर आलं तर दुसरं लॉज बघा. देवबागेत घरटी कोणाचा ना कोणाचा होडीशी संबंध असतो, त्यामुळे आदल्या रात्री वेळ आणि पैसे दोन्ही पक्के होतात. मासे किती हवेत तेही दुपारपर्यंत सांगून ठेवा, आणि घरात कोणी शाकाहारी असेल तर आधीच सांगा. काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे मिळतात, पण ऐनवेळी नाही.

दुसरा दिवस. नेहमीच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन, संगम (कर्ली समुद्राला मिळते ती जागा), सुनामी आयलंड असं सगळं असतं आणि तीच होडी तुम्हाला परत देवबागेत आणते. तुम्हाला ते नकोय. तुम्हाला एका बाजूने पलीकडे सोडणं हवंय, सामानासकट. हे नीट समजावून सांगा, नाहीतर पॅकेजचाच भाव लावतील. डॉल्फिन बघायचे असतील तर त्याचे वेगळे पैसे देऊन पहाटे लवकर जा. दिसले तर दिसले. सुनामी आयलंड ही खाडीतली वाळूची पट्टी, वर स्टॉल आणि बनाना राइड. मी सोडून देतो, तुमचा मुलगा सोडेल का ते तुम्ही बघा.

संगम ओलांडायची वेळ पुन्हा पाण्यावर. ओहोटी लागलेली असताना नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून लाटा येतात, आणि तोंडावरच्या उथळ वाळूवर दोन्ही भिडतात. होडी नाचते ती तिथेच. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत पाणी खोलही असतं आणि शांतही. त्रयोदशीला आला असाल तर दुसऱ्या दिवशी भरती साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे साडेआठ-नऊला निघा. वारा सुटायच्या आत पार झालात.

लाइफ जॅकेट चौघांनीही घालायचं, बांधायचं, नुसतं मांडीवर ठेवायचं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची स्कूबाची बोट उलटून दोघांचा जीव गेला. मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का हे रात्रीच विचारा. होडीवाला नको म्हणाला, 'आज तोंडावर पाणी बरं नाही' म्हणाला, तर पैशांवरून वाद घालू नका. रस्त्याने कर्लीच्या पुलावरून वळसा घालून जाता येतं.

भोगव्याच्या पुळणीवर उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते. आईंना ते जमणार नसेल तर कोर्जाईच्या बाजूला, खाडीत जरा आत उतरवायला सांगा. तिथे लाट नसते.

भोगवे लांबलचक आहे आणि तारकर्लीच्या मानाने रिकामं. पाण्यात मात्र घोट्याच्या वर जाऊ नका, किनारा लगेच खोल होतो. दक्षिण टोकाला डोंगर आडवा येतो. खडकांवरून कडेकडेने पलीकडे जायचा मोह होईल. जाऊ नका, तिथे भरतीत अडकायला होतं. वर चढणारा रस्ता घ्या, सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरून, किल्ले निवती गावात उतरा. ऊन लागतं, पण चढ फार नाही. आईंसाठी इथेही रिक्षा चालते.

निवतीचा किल्ला छोटा, जांभ्याचा, झाडीत बुडालेला. पडके बुरूज आणि खंदक, बाकी फारसं काही उरलेलं नाही. पण उत्तरेला अख्खा भोगवे दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रात आत वेंगुर्ला रॉक्सची बेटं आणि त्यावरचं दीपगृह. त्या बेटांवरच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. मुलाकडे दुर्बीण असेल तर इथे काढा.

परत जायला परुळ्यावरून कुडाळ, गाडीने तासभर धरा. एसटी आहे पण मोजकी, म्हणून देवबागेतूनच परुळ्याच्या रिक्षावाल्याला वेळ देऊन ठेवा आणि गाडीच्या वेळेआधी दोन तास मोकळे ठेवा.

पावसाळ्यात या फंदात पडू नका. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात, आणि त्या दिवसांत कोणी 'सोडतो गुपचूप' म्हणालं तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

तारखा ठरल्या की इथे लिहा, भरतीच्या वेळा बघून निघायची वेळ सांगतो.