पहिला फ्लाय रॉड घेताना: आधी पाणी ठरवा, मग आकडा

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण ब्राउन ट्राउटचा तो विणीचा काळ. मार्चमध्ये नदी उघडते आणि त्याच्या आसपास रॉड-रीलविषयीचे प्रश्न यायला लागतात. त्यातले काही निवडक इथे घेतो आहे.

आम्ही दोघे मित्र तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत. फ्लाय फिशिंग कधीच केलेलं नाही. रॉडवर ३ पासून १० पर्यंत आकडे दिसतात. नेमका कोणता घ्यायचा? (एक वाचक, पुणे)

९ फुटी, ५ वेट, चार तुकड्यांचा, मधल्यापर्यंत वाकणारा म्हणजे मध्यम अ‍ॅक्शनचा. तीर्थनसाठी यापेक्षा जास्त डोकं खपवू नका.

पण हा ५ कशाचा, ते समजून घ्या. पुढची सगळी खरेदी त्यावरच बसते. साध्या गळाच्या मासेमारीत शिसं किंवा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) जड असतो आणि तो आपल्यामागे दोरी ओढत नेतो. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली पिसं आणि दोरा. तिला फेकण्याजोगं वजनच नसतं. इथे वजन असतं ते जाड, प्लॅस्टिकचा थर दिलेल्या लाइनीला. ५ वेट लाइनीच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. ८ वेटचं २१० ग्रेन. रॉडवरचा आकडा एवढंच सांगतो की हा रॉड कोणत्या वजनाची लाइन नीट उचलतो. कॉर्कच्या मुठीच्या थोडं वर तो छापलेला असतो: ९ फूट, ५ वेट, ४ तुकडे. दुकानदार काहीही म्हणाला तरी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तीर्थन ही मोठमोठ्या धोंड्यांमधून उसळत येणारी नदी आहे. मासा धोंड्याच्या आडोशाच्या शांत पाण्यात उभा असतो आणि तुमच्या नि त्याच्या मध्ये वेगवान प्रवाह असतो. लाइन त्या प्रवाहावर पडली की लगेच ओढली जाते आणि फ्लाय अनैसर्गिक पळायला लागते. म्हणून टोक उंच धरून बरीचशी लाइन पाण्याबाहेर ठेवावी लागते, आणि त्यासाठी ९ फूट लांबी हवी. लांब फेकायची गरज तिथे क्वचितच पडते. २०-३० फुटांवर नेमकी फ्लाय टाकता आली तर मासा मिळतो.

फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड फक्त टोकाशी वाकतो आणि वेळ जरा चुकली की लाइन कोसळते. मध्यम अ‍ॅक्शनचा मधल्यापर्यंत वाकतो, त्यामुळे मागे गेलेली लाइन सरळ झाली की तिची ओढ तळहाताला कळते. शिकताना तीच ओढ तुमची गुरू.

दोघांत सुरुवातीला एकच रॉड घेतलात तरी चालेल. एकाने टाकायचं, दुसऱ्याने काठावरून पाणी वाचायचं, म्हणजे मासा कुठे उभा असेल ते हेरायचं, मग अदलाबदल. दुसरा जे बघून शिकतो ते हातात रॉड असताना दिसत नाही. शक्यतो मार्च-एप्रिल गाठा. पुढे बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळ होतं. मत्स्य विभागाचा परवाना मात्र प्रत्येकाने आधी काढायचा.

बजेट बेताचं आहे. रॉड, रील आणि लाइन यांत पैसे कसे वाटू? (ठाणे)

बहुतेक जण रीलवर उधळतात, कारण ती हातात घेतली की चकाकते. ट्राउटसाठी रीलचं मुख्य काम लाइन गुंडाळून ठेवणं. वीतभर ट्राउट तुम्ही डाव्या हाताने लाइन ओढूनच जवळ आणता. तेव्हा साधी, ५ वेटची लाइन आणि तिच्यामागे रीलवर गुंडाळायची ५० यार्ड बारीक दोरी, म्हणजे बॅकिंग, मावेल अशी, न अडकता फिरणारी रील पुरे.

पैसे लाइनीवर घाला, हे मी अगदी मनापासून सांगतो. मध्यम दर्जाच्या रॉडवर चांगली लाइन असेल तर नवशिक्याही तासाभरात नीट टाकायला लागतो. महागड्या रॉडवर फुकट मिळालेली ताठ, वेटोळी धरणारी लाइन असेल तर जाणकारही हैराण होतो. तयार संच घेणार असाल तर त्यात कोणती लाइन आहे हा पहिला प्रश्न विचारा; उत्तर टाळलं गेलं, तर रॉड चांगला असला तरी लाइन वेगळी घ्यायची तयारी ठेवा.

डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ लिहिलेलं हवं: पुढच्या भागात वजन असलेली, ५ वेटची, तरंगणारी. तिच्या पुढे ९ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा पारदर्शक दोरा, ४एक्स किंवा ५एक्स. या एक्सचा हिशेब सोपा आहे. ११ मधून तो आकडा वजा करा. उरेल तितके हजारांश इंच टोकाची जाडी. ४एक्स म्हणजे ०.००७ इंच, ५एक्स म्हणजे ०.००६. आकडा वाढला की दोरा बारीक. सोबत त्याच जाडीच्या टिपेटचं, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक दोऱ्याचं, एक रीळ घ्या, म्हणजे फ्लाय बदलताना लीडर आखूड होत गेला तरी पुढे जोड देता येईल.

घरी स्पिनिंगचा रॉड-रील आहे. त्यावर फ्लाय लाइन चढवली तर? (नाशिक)

नाही चालणार. तो रॉड टोकाशी असलेलं वजन फेकण्यासाठी घडवलेला असतो, आणि स्पिनिंग रीलच्या स्पूलवर जाड फ्लाय लाइन ना नीट बसते ना सुटते. तो संच आहे तसाच ठेवा, धरणावर कामाला येईल.

आमच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी आहे. ट्राउटचा संच इथे वापरता येईल का? (रत्नागिरी)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आपल्या किनाऱ्यावर गरवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण फ्लाय टाकणारे अजून मोजकेच.

५ वेट इथे उपयोगाचा नाही. खाडीवर वारा असतो, फ्लाय बोटभर लांबीची नि पाणी पिऊन जड झालेली असते, आणि तांबोशी गळाला लागली की थेट कांदळवनाच्या मुळांत शिरते. तिला पहिल्या क्षणी थोपवायला हवं. ९ फुटी ८ वेट घ्या. जिताडे मोठे लागत असतील तर ९ वेट.

आणि ट्राउटबद्दल जे वर म्हटलं ते इथे उलटं होतं. इथे रीलवर खर्च करा. बंदिस्त डिस्क ड्रॅग, म्हणजे पळणाऱ्या माशाला रोखणारा रीलचा ब्रेक, हवा, ज्यात खारं पाणी आणि रेती शिरत नाही. बॅकिंग निदान १५० यार्ड. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवायची, कितीही उशीर झाला तरी.

लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच मागा. थंड पाण्याची लाइन मे महिन्याच्या दुपारी नरम पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि तुम्हाला वाटतं की आपलाच हात चुकतोय. लीडरच्या टोकाला फूटभर जाड, ४०-५० पौंडी दोरा बांधा. जिताड्याच्या कल्ल्याची धार बारीक दोरा सहज कापते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन सुरुवात करायची आहे. छोटा ३ वेट घेऊ का? (एडिसन)

इतका हलका नको. हलक्या लाइनीची ओढ लहान हाताला जाणवत नाही, थोडा वारा आला की ती परत तोंडावर येते आणि मूल कंटाळतं. साडेआठ फुटी ५ वेट, मऊ अ‍ॅक्शनचा घ्या; पुढे तुम्हालाही वापरता येईल. न्यू जर्सीत आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १६ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. तुम्हाला लागेल, आणि न्यू जर्सीत ट्राउटसाठी त्यावर वेगळा स्टॅम्प. तिला गॉगल आणि टोपी घातल्याशिवाय एकही कास्ट करू देऊ नका.

रील उजव्या हाताने फिरवायची की डाव्या? (सांगली)

उजव्या हाताने फेकत असाल तर डाव्या. मासा लागल्यावर रॉडचा हात बदलावा लागू नये. बहुतेक रील्सची दिशा उलटता येते. बॅकिंग चढवण्याआधी तेवढं करून घ्या.

मुंबईत सराव कुठे करायचा? (गोरेगाव)

कुठल्याही मैदानावर, सकाळी लवकर, गवतावर. गळ अजिबात नको. लीडरच्या टोकाला भडक रंगाच्या लोकरीचा इंचभर तुकडा बांधा. सुरुवातीला २५ फूट लाइन पुरे. रॉड मागे नेऊन थांबवा, मान वळवून लाइन सरळ होताना बघा, मगच पुढे आणा. मागे चाबकासारखा आवाज आला तर तुम्ही घाई केली आहे. पाण्यावर याच घाईत फ्लाय तुटून जाते. एका वेळी वीस मिनिटं करा, मनगट दुखायच्या आत थांबा. गच्चीच्या सिमेंटवर मात्र लाइन ओढू नका, थर सोलून निघतो. घरी आल्यावर कोमट पाण्यात साध्या साबणाचा फेस करून मऊ फडक्याने ती पुसून घ्या. मैदानाची धूळ राहिली तर लाइन नदीत नीट तरंगणार नाही.